तळ्याकाठचं भाड्याचं स्वयंपाकघर: इंग्लंडमधली ‘सेल्फ-केटरिंग’ सुट्टी कशी असते आणि तिची किंमत कोण मोजतं?

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास इंग्लंडच्या वायव्येकडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या अरुंद रस्त्यांवर गाड्या एकमेकींना वाट देत उभ्या असतात. गाड्यांच्या डिकीत कपड्यांच्या बॅगांइतकीच जागा खाण्यापिण्यानं अडवलेली असते. कांदे, चहापत्ती, ऑलिव्ह तेलाची बाटली, कुणाचा तरी आवडता सुरा. हे लोक हॉटेलात चाललेले नसतात. आठवड्यासाठी भाड्यानं घेतलेल्या एखाद्या दगडी घरात ते उतरणार असतात आणि तिथं रोजचा स्वयंपाक स्वतःच करणार असतात.

सुट्टीवर जाऊनही चूल पेटवायची, तर मग ती सुट्टी कसली, असा प्रश्न कोणत्याही मराठी घरात लगेच विचारला जाईल. तरीही ब्रिटनमध्ये सुट्टीचा हा प्रकार चांगलाच रुजलेला आहे. गेल्या काही वर्षांत तर अनेक जण स्वयंपाकासाठीच अशी घरं घेतात. जिथं जायचं तिथलं मटण, तिथली फळं, तिथलं चीज आणायचं, ते शिजवायचं आणि तळ्याकडे बघत जेवायचं. ऐकायला हे सगळं रम्य वाटतं. पण या स्वयंपाकघरात काय शिजतं आणि ते कुठून येतं, यावर त्या परिसरातल्या मेंढपाळांचं, तळ्याचं आणि गावांचंही बरंच काही अवलंबून आहे.

सेल्फ-केटरिंग म्हणजे नेमकं काय?

सोप्या शब्दांत सांगायचं तर जेवणाची सोय आपली आपण करायची, अशी राहण्याची व्यवस्था. घर पूर्ण मिळतं. ते जुनं कॉटेज असेल, शेतावरच्या गोठ्याचं रूपांतर करून केलेलं घर असेल किंवा तळ्याकाठचं लाकडी लॉज. ओव्हन, फ्रीज, भांडीकुंडी, ताटं-चमचे असं सगळं घरात असतं. भाडं शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार असं आठवड्याच्या हिशेबानं ठरतं, कमी दिवसांची बुकिंगही आता मिळतात. जायच्या दिवशी सकाळी दहापर्यंत घर सोडायचं आणि नव्या पाहुण्यांनी दुपारी चारनंतर यायचं, ही सर्वसाधारण रीत. टेबलावर दूध, चहा, ब्रेड आणि एखादा केक अशी स्वागताची टोपली ठेवलेली असते. त्यानंतर आठवडाभर तुमच्या दारी कुणी फिरकत नाही.

नवख्या माणसाची पहिली फजिती होते ती रविवारी. इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्यानुसार २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी जास्तीत जास्त सहा तासच उघडं राहता येतं. शनिवारी रात्री उशिरा पोहोचून ‘उद्या निवांत बघू’ म्हणणाऱ्यांना मग गावातल्या छोट्या दुकानातल्या पावावर संध्याकाळ काढावी लागते. त्यामुळे पुष्कळ लोक घरूनच सुपरमार्केटची ऑनलाइन ऑर्डर देऊन ठेवतात आणि गाडी थेट कॉटेजच्या दारात येते. सोय उत्तम. पण मग तीनशे किलोमीटर लांबून आलेला माणूस आठवडाभर तेच खातो, जे तो आपल्या घरी खात होता.

पाऊस, ओट्स आणि मेंढ्या

लेक डिस्ट्रिक्ट हा कंब्रिया परगण्यातला डोंगराळ भाग. १९५१ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१७ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं. सुमारे २,३६२ चौरस किलोमीटरच्या या भागात हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्या आहेत आणि त्या दऱ्यांत लांबट तळी. त्यातलं विंडरमिअर हे इंग्लंडमधलं सर्वांत मोठं नैसर्गिक तळं, सुमारे १७ किलोमीटर लांब. गंमत म्हणजे ‘लेक डिस्ट्रिक्ट’मध्ये नावात ‘लेक’ असलेलं मोठं तळं एकच आहे, बॅसनथ्वेट लेक. बाकीची सगळी ‘मिअर’ किंवा ‘वॉटर’.

बॉरोडेल खोऱ्यातलं सीथ्वेट हे इंग्लंडमधलं सर्वाधिक पावसाचं वस्तीचं ठिकाण मानलं जातं. तिथं वर्षाला साधारण ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरचा पाऊस याहून बराच जास्त, पण तो चार महिन्यांत उरकतो. इथला वर्षभर पुरवून पुरवून पडतो. गारठा, ओल आणि खडकाळ जमीन यामुळे इथं गहू नीट पिकत नसे. पिकायचे ते ओट्स, आणि डोंगरावर गवत. म्हणून इथल्या जुन्या जेवणात ओट्सची भाकरी आणि मेंढीचं मटण.

‘भाकरी’ हा शब्द इथं ओढूनताणून आणलेला नाही. सेलिया फाइन्स नावाच्या प्रवासी बाईनं १६९८ मध्ये घोड्यावरून या भागातून जाताना ‘क्लॅपब्रेड’ कशी करतात ते लिहून ठेवलं आहे. ओट्सचं पीठ पाण्यात भिजवायचं, गोळा फळीवर घेऊन हातानं थापत थापत अगदी पातळ करायचा आणि लोखंडी तव्यावर भाजायचा. ‘क्लॅप’ म्हणजे थापणं. ज्वारीची भाकरी थापणाऱ्या हातांना यात नवीन काहीच वाटणार नाही. तिथं मात्र गव्हाचा पाव स्वस्त झाला आणि घरोघरच्या तव्यावरून क्लॅपब्रेड गेली.

डोंगर पाठ असलेली मेंढी

या परिसरातलं सर्वांत महत्त्वाचं अन्न म्हणजे हर्डविक मेंढीचं मटण. हर्डविकचं कोकरू जन्मतः काळं असतं आणि वयाबरोबर करडं, मग पांढुरकं होत जातं. हिचं वैशिष्ट्य मात्र रंगात नाही. उंच डोंगरावर कुंपणं नसतात, तरी प्रत्येक कळप आपापल्या ठरलेल्या भागातच चरतो. त्या भागाला ‘हेफ्ट’ म्हणतात. आपली हद्द कुठली, वाऱ्यापावसात आडोसा कुठं, हे कोकरू आईच्या मागे फिरत शिकतं आणि पुढे आपल्या कोकराला शिकवतं. हे ज्ञान कळपात असतं, मेंढपाळाच्या वहीत नाही. म्हणूनच शेत विकलं जातं तेव्हा डोंगरावरचा कळपही बहुधा त्या शेताबरोबरच राहतो.

२००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकताची साथ आली तेव्हा कंब्रियाला सर्वाधिक फटका बसला. साथ रोखण्यासाठी कळपच्या कळप मारावे लागले. मेंढ्या बाजारातून पुन्हा विकत घेता येतात, पण डोंगर ओळखणारी मेंढी विकत मिळत नाही, हे त्या वर्षी शहरी ब्रिटनला कळलं. अल्सवॉटरजवळ हर्डविक पाळणारे शेतकरी-लेखक जेम्स रीबँक्स यांचं ‘द शेफर्ड्स लाइफ’ हे पुस्तक २०१५ मध्ये गाजलं, त्याच्या केंद्रस्थानी हेच जग आहे. त्याआधी या मेंढीला मोठा आधार दिला होता तो ‘पीटर रॅबिट’च्या लेखिका बिएट्रिक्स पॉटर यांनी. पुस्तकांच्या कमाईतून त्यांनी इथं शेतं घेतली, स्वतः हर्डविक पाळल्या आणि १९४३ मध्ये त्यांचं निधन झाल्यावर चार हजार एकरांहून अधिक जमीन नॅशनल ट्रस्टकडे गेली.

हर्डविकची लोकर खरखरीत असते. तिच्या विक्रीतून अनेकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही. इंग्लंडमध्ये शेतकऱ्यांना जमिनीच्या हिशेबानं मिळणारं थेट अनुदानही २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं बंद केलं जात आहे. उरतं मटण. ‘लेकलँड हर्डविक’ या नावाला २०१३ मध्ये भौगोलिक ओळखीचं संरक्षण मिळालं, आपल्याकडे कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मिळालं त्याच धाटणीचं. ही मेंढी सावकाश वाढते, त्यामुळे तिचं मटण लवकर शिजत नाही. रेस्टॉरंटपेक्षा ते घरगुती ओव्हनला जास्त मानवतं. बाहेर पाऊस लागला आहे, डोंगर ढगात गेला आहे आणि मंद आचेवर चार तास मटण रटरटतं आहे, अशी दुपार सेल्फ-केटरिंग सुट्टीत हमखास येते. इथला पारंपरिक ‘टॅटी पॉट’ अशाच दुपारी करतात. तळाशी मटण आणि कांदे, त्यात ब्लॅक पुडिंग म्हणजे रक्ताच्या सॉसेजचे तुकडे, वर बटाट्याच्या चकत्या आणि सोबत लाल कोबीचं लोणचं.

त्याच खाटकाकडे कंबरलँड सॉसेजही मिळतं. डुकराच्या जाडसर चिरलेल्या मांसाचं, मिरपूड घातलेलं हे सॉसेज तुकड्यांत न करता चकलीसारखं लांबलचक वेटोळं घालून विकतात. २०११ मध्ये त्यालाही संरक्षित दर्जा मिळाला. त्यानुसार ते कंब्रियातच बनलेलं हवं आणि त्यात किमान ८० टक्के मांस हवं.

थंड डोंगरात आलं आणि खजूर कुठून?

इथल्या गोड पदार्थांची यादी पाहिली की पहिल्यांदा बुचकळ्यात पडायला होतं. आलेपाक वाटावा असा जिंजरब्रेड. रम, लोणी आणि जायफळ एकत्र फेटलेलं रम बटर. खजूर, आलं आणि रम भरलेला ‘रम निकी’ नावाचा टार्ट. यातलं लोणी सोडलं तर काहीच या डोंगरात होत नाही.

उत्तर किनाऱ्यावर आहे. कंब्रियाचं व्हाइटहेवन हे अठराव्या शतकात ब्रिटनच्या मोठ्या बंदरांपैकी एक होतं. कॅरिबियन बेटांवरची साखर आणि रम तिथं उतरत असे, आणि ती साखर गुलामांच्या श्रमावर पिकलेली होती. व्हाइटहेवनची काही जहाजं थेट गुलामांच्या व्यापारातही होती. पर्यटकांसाठीच्या सुबक डब्यांवर ही बाजू क्वचितच छापलेली असते.

ग्रासमिअर गावात चर्चच्या दाराशी एका छोट्या जुन्या शाळेत सारा नेल्सन या बाईनं १८५४ मध्ये जिंजरब्रेड विकायला सुरुवात केली. तो आजही त्याच जागेत मिळतो. मागेच कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ यांची कबर आहे. याच वर्ड्‌स्वर्थ यांनी १८४४ मध्ये विंडरमिअरच्या रेल्वेला जाहीर विरोध केला होता. गर्दी येईल आणि शांतता जाईल, अशी त्यांची भीती होती. १८४७ मध्ये रेल्वे आलीच. आज उद्यानात राहणारे लोक ४० हजारांच्या आसपास आणि वर्षाला येणारे पाहुणे दीड कोटींहून अधिक आहेत.

केंडलचा ‘मिंट केक’ नावाला केक. प्रत्यक्षात ती पेपरमिंट घातलेल्या साखरेची वडी, चवीला बत्ताशाच्या जवळची. १९५३ मध्ये हिलरी आणि तेनझिंग यांनी ती एव्हरेस्टवर नेली होती. ‘स्टिकी टॉफी पुडिंग’ जगभर गेलं ते अल्सवॉटरच्या काठावरच्या शॅरो बे हॉटेलमधून. ते मुळात कुणाचं, यावर मात्र वाद आहेत. इथल्या लिथ खोऱ्यात एप्रिलमध्ये डॅमसनची झाडं पांढरी फुलतात आणि सप्टेंबरमध्ये आंबट जांभळी फळं येतात. त्यांचा जॅम करायचा, जिनमध्ये मुरवायची किंवा मटणासोबत शिजवायची.

आणि ज्यांना आठवड्यातून एक दिवस तरी चुलीपासून सुटका हवी असते, त्यांच्यासाठी कार्टमेल गावात शेफ सायमन रोगन यांचं ‘लाँक्लूम’ आहे. २०२२ मध्ये त्याला तिसरा मिशेलिन तारा मिळाला, उत्तर इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच. तिथलं बिल पाहून उरलेला आठवडा घरीच जेवावंसं वाटेल हे खरं.

मराठी डबा घेऊन जायचं असेल तर

ब्रिटनमध्ये राहणारी मराठी कुटुंबं, विशेषतः भारतातून आईवडील आले की, हॉटेलपेक्षा अशी घरं घेताना दिसतात. सकाळी पोहे, रात्री वरणभात, मधल्या वेळेत भटकंती. शाकाहारी माणसाला गावातल्या पबमध्ये दोन-तीनच पदार्थ असतात, तिथं स्वतःचं स्वयंपाकघर मोठा आधार ठरतं.

काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. भारतातून जाताना सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्यामुळे घरचं तूप, पेढे, पनीर इथंच ठेवायचं. गोडा मसाला, हिंग, तिखट असे कोरडे मसाले चालतात. कॉटेजमध्ये धुराचा अलार्म असतोच, आणि मोहरी-मिरचीची फोडणी तो हमखास ओळखतो. स्वयंपाकघराचं दार लावून खिडकी उघडायची, मग तेल तापवायचं. पाकिटावर आपल्यासारखा हिरवा ठिपका सक्तीचा नाही. ‘व्हेजिटेरियन’ असं लिहिलेलं शोधावं लागतं, कारण बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये जनावराच्या पोटातलं रेनेट असतं आणि काही पुडिंगमध्ये स्यूट म्हणजे जनावराची चरबी.

गाडी नसेल तरी अडत नाही. लंडनहून ऑक्सनहोम गाठायचं, तिथून छोट्या गाडीनं विंडरमिअर. स्टेशनला लागूनच सुपरमार्केट आहे. पुढे ५५५ क्रमांकाची बस अँबलसाइड, ग्रासमिअर करत केझिकपर्यंत जाते. केझिकला गुरुवारी आणि शनिवारी भर रस्त्यात बाजार भरतो.

उरलेलं तेल कुठं जातं?

बहुतेक कॉटेजमध्ये सूचनांची एक वही असते आणि तीत एक ओळ ठळक असते: सिंकमध्ये तेल ओतू नका. आडबाजूच्या घरांना सार्वजनिक गटार नसतं, सांडपाणी मागच्या सेप्टिक टँकमध्ये जातं. तेल-तुपानं टाकी तुंबली की अर्धवट निवळलेलं पाणी ओढ्यात आणि ओढ्यातून तळ्यात. तळलेल्या पुऱ्यांचं तेल गार करून बाटलीत भरून ठेवणं, एवढंच पाहुण्याच्या हातात असतं.

विंडरमिअरमध्ये उन्हाळ्यात निळं-हिरवं शेवाळ वाढतं. ते विषारी असू शकतं, म्हणून पोहू नका आणि कुत्र्यांना पाण्यात सोडू नका, अशा सूचना लागतात. शेवाळाला खाद्य मिळतं फॉस्फरसचं आणि तो येतो सांडपाण्याच्या केंद्रांतून, खासगी सेप्टिक टँकमधून आणि शेतांतून. पाणी तापत चाललं आहे, तसा हा त्रास वाढतो. या तळ्यात केवळ पावसाचंच पाणी जावं, हे उद्दिष्ट ब्रिटिश सरकारनं मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं.

याचा संबंध थेट ताटाशीही आहे. हिमयुगानंतर या खोल, थंड पाण्यात अडकून राहिलेला ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा ही एके काळी विंडरमिअरची शान होती. मसाले घालून शिजवलेला, वर लोण्याचा थर दिलेला हा मासा मातीच्या पसरट भांड्यांतून थेट लंडनला जायचा. त्याला थंड आणि प्राणवायू भरपूर असलेलं पाणी लागतं. त्याची संख्या आता खूप घटली आहे. जुन्या पाककृतीच्या पुस्तकात तो सापडतो, कॉटेजच्या ताटात जवळजवळ नाहीच.

घरं पाहुण्यांची, मग गाव कुणाचं?

तळ्याकाठचं एक घर वर्षभर स्थानिक कुटुंबाला भाड्यानं देण्यापेक्षा पाहुण्यांना आठवड्यानं देणं मालकाला जास्त परवडतं. शिवाय शहरातले सधन लोक इथं दुसरं घर घेऊन ठेवतात. काही वाड्यांमध्ये आता कायम राहणाऱ्यांच्या घरांपेक्षा सुट्टीची घरं जास्त आहेत. मुलं कमी झाली की शाळा अडचणीत येते, हिवाळ्यात दिवे लागत नाहीत म्हणून दुकान बंद होतं.

सरकारनं यावर करांचा मार्ग घेतला आहे. एप्रिल २०२३ पासून इंग्लंडमध्ये एखाद्या घराला पर्यटन व्यवसाय म्हणून वेगळी करआकारणी हवी असेल, तर ते वर्षात किमान १४० रात्री उपलब्ध आणि किमान ७० रात्री प्रत्यक्ष भाड्यानं गेलेलं असावं लागतं. नावापुरता व्यवसाय दाखवून घर बंद ठेवण्याला त्यामुळे आळा बसतो. एप्रिल २०२५ पासून दुसऱ्या घरांवर दुप्पट स्थानिक कर लावण्याची मुभा कौन्सिलांना मिळाली, आणि सुट्टीची घरं भाड्यानं देणाऱ्यांच्या जुन्या प्राप्तिकर सवलतीही त्याच महिन्यात संपल्या. मालकांचं म्हणणं असं, की पाहुणे नसतील तर खाटीक, बेकरी आणि पब कुणाच्या जिवावर चालतील? यात तथ्य आहे. हर्डविकचं मटण विकणाऱ्या शेतकऱ्यालाही हाच पाहुणा हवा असतो, आणि अनेक शेतकरी स्वतःच रिकामा गोठा कॉटेज करून भाड्यानं देतात. पण हा युक्तिवाद टिकतो तो पाहुणा खाटकाकडे गेला तरच. सुपरमार्केटची व्हॅन दारात मागवली, तर खोऱ्यात उरतो फक्त कचरा आणि घराचं भाडं, आणि मालक बाहेरगावचा असला तर भाडंही खोऱ्याबाहेर जातं.

पुढच्या शनिवारी सकाळी दहा वाजता किल्ली दाराशेजारच्या छोट्या पेटीत परत जाते. थोड्या वेळात सफाईवाल्यांची गाडी येते. त्यातले बरेच जण उद्यानाच्या हद्दीबाहेरच्या गावांतून आलेले असतात, कारण इथल्या घरांचं भाडं त्यांच्या पगारात बसत नाही. चार वाजेपर्यंत चादरी बदलायच्या, ओव्हनमधला मटणाचा चिकटा खरवडायचा, फ्रीज रिकामा करायचा आणि टेबलावर नवी टोपली मांडायची.